नवे कोच, जुना क्वार्टरबॅक: पुण्यात बसून पारख करायला ‘गेम पास’ किती कामाचा?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि गेम पास ही तिचे सामने दाखवणारी पैसे भरून घ्यायची सेवा. ती घ्यावी का, याचं उत्तर तुम्हाला त्यातून काय हवंय यावर ठरतं. रविवारी रात्री चार टचडाउन बघून झोपायचं असेल, तर यूट्यूबवर एनएफएलच्या चॅनेलवरचे फुकटचे हायलाइट्स पुरेत. पण संघात नवे कोच आले आहेत, क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जुनाच आहे आणि तो टिकेल की जाईल हे स्वतःच्या डोळ्यांनी पारखायचंय, तर ही सेवा पैसे वसूल करून देते. अट एवढीच की तिच्यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं हे ठाऊक हवं. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग न उघडताच राहून जाऊ शकतो.

2023 च्या हंगामापासून अमेरिकेबाहेरचा गेम पास डॅझन (DAZN) या क्रीडा-प्रक्षेपण सेवेच्या ॲपवर मिळतो. थेट सामने, रेडझोन वाहिनी, एनएफएल नेटवर्क, पूर्ण रीप्ले, सुमारे चाळीस मिनिटांत आटोपणारा छोटा रीप्ले आणि कोचेस फिल्म (मैदानावरचे सगळे खेळाडू एकदम दाखवणारं चित्रण), असा हा माल आहे. पॅकची नावं, किमती आणि कशात काय येतं हे दर हंगामाला बदलत राहतं, म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: घेताय त्या पॅकमध्ये कोचेस फिल्म आहे का? नसेल तर या कामासाठी तो पॅक अर्धवट आहे.

क्वार्टरबॅकचीच एवढी चिंता का? पुणेकरांना एक उदाहरण चटकन पटेल. 2017 साली रायझिंग पुणे सुपरजायंटने धोनीचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं, तरी धोनी यष्टीमागे उभा राहून खेळतच होता. क्वार्टरबॅकला ही सोय नाही. मैदानावर त्याची जागा एकच. ती गेली की तो हातात टॅबलेट घेऊन सीमारेषेवर. शिवाय नवा मुख्य कोच येतो तेव्हा बहुतेक वेळा सोबत नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाईच्या खेळी ठरवणारा कोच) येतो, आणि कोऑर्डिनेटर बदलला की भाषाच बदलते. वेस्ट कोस्ट पद्धतीत एकेका खेळीचं नाव पूर्ण वाक्याएवढं लांब असतं. कोरिएल पद्धतीत रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) कुठे धावायचं ते आकड्यांत सांगतात. एअरहार्ट-पर्किन्समध्ये दोन-तीन रिसीव्हरच्या जोडीला मिळून एकच शब्द असतो. अलेक्स स्मिथला सॅन फ्रान्सिस्कोने 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि 2011 पर्यंतच्या सात हंगामांत सात कोऑर्डिनेटर त्याच्या वाट्याला आले. 2011 मध्ये जिम हार्बॉ मुख्य कोच म्हणून आले आणि तोच स्मिथ 13 विजय, 3 पराभव अशा हंगामाचा क्वार्टरबॅक ठरला. तोवर त्याला कुचकामी ठरवून मोकळे झालेल्यांनी नुसती आकडेवारी वाचली होती.

आता वापराकडे वळू.

पहिली चाचणी पूर्ण रीप्लेमध्येच होते, छोट्यात नाही. एक खेळी संपली की पुढच्यासाठी 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोऑर्डिनेटरचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. म्हणजे कोचकडे फार तर 25 सेकंद. एवढ्यात खेळी निवडायची, सांगायची, क्वार्टरबॅकने ती ऐकून घोळक्यात दहा जणांना ऐकवायची आणि खेळी जिथून सुरू होते त्या रेषेवर पोचायचं. तिथे गेल्यावर मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कोण ते बोट दाखवून ठरवायचं, अंगावर कोण धावून येणार याचा अंदाज घ्यायचा आणि लागलंच तर खेळी बदलायची. स्कोअरपट्टीवरच्या घड्याळावर डोळा ठेवा. संघ 15-16 सेकंद शिल्लक असताना रेषेवर उभा असेल तर भाषा अंगवळणी पडलेली आहे. दर वेळी सात-आठ सेकंदच उरत असतील, तर क्वार्टरबॅक बचावाकडे बघायला सवडच काढू शकत नाहीये. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच टाइमआउट जळणं, वेळ संपल्याची पाच यार्डांची शिक्षा, रिसीव्हर चुकीच्या बाजूला उभा राहून धावत पलीकडे जाणं, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. छोट्या रीप्लेमध्ये नेमका हाच वेळ कापलेला असतो, त्यामुळे अडखळणारा संघही तिथे झकास दिसतो. बसल्या बसल्या चाळीस मिनिटांत सामना संपवण्याचा मोह या कामापुरता आवरा.

दुसरी चाचणी कोचेस फिल्मची. ही सामना संपल्यावर एक-दोन दिवसांनी येते. समालोचन नाही, क्लोजअप नाही. प्रत्येक खेळी दोनदा दिसते: एकदा बाजूच्या उंच कॅमेऱ्यातून, ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू मावतात, आणि एकदा गोलखांबामागून. टीव्हीवर चेंडूमागे कॅमेरा धावतो, म्हणून चेंडू सुटेपर्यंत रिसीव्हर कुठे होता हे कळतच नाही. इथे कळतं.

बघायचा क्रम असा. आधी मागचा कोन लावा आणि फक्त पाय बघा. क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जातो, शेवटचं पाऊल टेकतं, तिथून एक छोटी उडी पुढे आणि चेंडू सुटला, हे वेळेवर. आखूड पासमध्ये तर शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटायलाच हवा. एकाऐवजी दोन-तीन उड्या दिसल्या तर काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते वरच्या कोनात शोधा. रिसीव्हर ठरल्या खोलीवर, समजा 12 यार्डांवर, वेळेत वळला होता आणि चेंडूच उशिरा आला, तर चूक क्वार्टरबॅकची. रिसीव्हर 14 यार्डांपर्यंत धावत गेला असेल तर नवी पद्धत त्याच्याच गळी उतरलेली नाही. आणि स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे दिल्यापासून, दोन सेकंदांच्या आत क्वार्टरबॅकची राखण करणारा टॅकल हरून बचावपटू अंगावर आला असेल, तर क्वार्टरबॅकला दोष देण्यात अर्थ नाही. चेंडू सुटायला साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद लागतात. स्टॉपवॉच लावून एका सामन्यातल्या वीस पास-खेळी मोजल्या तरी चित्र स्पष्ट होतं.

माइक आणि काइल शॅनाहान या बाप-लेक कोचांच्या पद्धतीत घडलेला कोच आला असेल तर बूटलेग या खेळीवर विशेष लक्ष द्या. क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे चिकटून उभा असतो, चेंडू रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) दिल्याचं नाटक करतो आणि त्या वेळी त्याची पाठ बचावाकडे असते. मग तो उलट्या बाजूला पळत डोकं वळवतो. त्याच्यासमोर एकाच बाजूला तीन थरांवर तीन माणसं असायला हवीत: एक जवळ, एक 10-12 यार्डांवर आडवा धावणारा, एक खोलवर. वर्षानुवर्षं शॉटगनमधून, म्हणजे सेंटरपासून काही पावलं मागे उभं राहून, खेळलेल्या क्वार्टरबॅकला पाठ फिरवणं जड जातं. कारण वळताक्षणी त्याला नवंच चित्र दिसतं: पाठ फिरवण्याआधी जो सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) उजवीकडे होता, तो आता मध्यावर असतो. फिल्म थांबवून त्याचं हेल्मेट कुठे वळलंय ते बघा. आडवा धावणारा मोकळा असताना हेल्मेट खालच्या जवळच्या माणसाकडेच रोखलेलं दिसलं, आणि हे आठवड्यामागून आठवडे दिसलं, तर कोच लवकरच त्या खेळी वहीतून काढतो. खेळी काढायला लागले की समजा विश्वास उडत चाललाय.

एक सावधगिरी. बरेच कोच सामन्यातल्या पहिल्या पंधराएक खेळी आधीच लिहून आणतात आणि आठवडाभर त्यांचाच सराव करून घेतात. म्हणून पहिल्या दोन चढाया बघून हुरळून जाऊ नका. खरी परीक्षा तिसऱ्या क्वार्टरमध्ये, बचावाने डाव बदलल्यानंतर. आणि चार सामने होईपर्यंत निकाल देऊ नका.

आता ही सेवा कुठे कमी पडते ते सांगायला हवं, आणि हे ॲपचं न्यून नाही, विषयाचंच आहे. क्वार्टरबॅकचं भवितव्य निम्मं फिल्मवर आणि निम्मं करारपत्रावर ठरतं. डेरेक कारचंच बघा. जॉश मॅकडॅनियल्स जानेवारी 2022 मध्ये रेडर्सचे कोच झाले, एप्रिलमध्ये कारला तीन वर्षांचा वाढीव करार मिळाला आणि डिसेंबरअखेर त्याला शेवटच्या दोन सामन्यांसाठी बसवलं. कारण? 15 फेब्रुवारी 2023 ला 4.04 कोटी डॉलरची हमी लागू होणार होती, आणि त्याआधी दुखापत झाली असती तर ते पैसे गळ्यात पडले असते. 14 फेब्रुवारीला त्याला मोकळं केलं. वर्षभरानंतर डेन्व्हरमध्ये तीच कथा. शॉन पेटन यांच्या पहिल्या हंगामात रसेल विल्सनने 26 टचडाउन आणि 8 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशी चांगली आकडेवारी दिली, तरी शेवटचे दोन सामने तो बाकावर, कारण पुढे 3.7 कोटी डॉलरची दुखापत-हमी उभी होती. मार्च 2024 मध्ये त्याला सोडताना क्लबने दोन हंगामांत मिळून 8.5 कोटी डॉलरचा भार पगारमर्यादेवर घेतला. दोन्ही वेळा त्या शेवटच्या दोन सामन्यांत खेळायला उतरला तो एकच माणूस, जॅरेट स्टिडम. यातलं काहीही कोचेस फिल्ममध्ये दिसत नाही.

म्हणून गेम पाससोबत एक कॅलेंडर भिंतीवर लावा. जानेवारीत कोच बदलतात. मार्चच्या मध्याला नवं लीग वर्ष सुरू होतं आणि बऱ्याच हमी त्याच्या पहिल्या काही दिवसांत लागू होतात. नवा मुख्य कोच असलेल्या संघाला सराव-सत्र इतरांपेक्षा दोन आठवडे आधी, एप्रिलच्या सुरुवातीला उघडता येतं. एप्रिलअखेर ड्राफ्ट, आणि तिथे संघाने पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेतला की जुन्याचे दिवस भरले असं समजायला हरकत नाही. मेच्या सुरुवातीला पहिल्या फेरीतल्या खेळाडूंच्या पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही याची मुदत असते. पर्याय नाकारला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. न्यूयॉर्क जायंट्सने 2022 मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचा पर्याय नाकारला. नवे कोच ब्रायन डेबॉल यांनी त्याला जास्त धावायला लावलं, चेंडू लवकर सोडायला शिकवलं, आणि 2019 मध्ये 18 वेळा हातातून चेंडू निसटू देणाऱ्या या माणसाने 2022 च्या हंगामात फक्त 5 इंटरसेप्शन दिले, 708 यार्ड धावला आणि प्लेऑफमध्ये मिनेसोटाला 31-24 हरवलं. मार्च 2023 मध्ये चार वर्षांसाठी 16 कोटी डॉलरचा करार, नोव्हेंबर 2024 मध्ये हकालपट्टी. 2025 मध्ये इंडियानापोलिसला जाऊन त्याने अँथनी रिचर्डसनकडून जागा मिळवली. त्या मिनेसोटाच्या सामन्याची फिल्म मिळाली तर जरूर बघा. जुने सामने किती मागपर्यंत ठेवलेत तेही पॅक घेण्याआधीच पाहून घ्या.

वेळेचं गणित पुण्यासाठी असं: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रविवारचे सुरुवातीचे सामने रात्री साडेदहाला, पुढचे सुमारे पावणेदोन-दोनला, रात्रीचा मुख्य सामना सोमवारी पहाटे 5.50 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे सरकतात आणि इथे सगळं एक तास पुढे जातं. लंडनचे सामने तेवढे संध्याकाळी सातला, जेवणाआधी. हिंजवडीला सकाळी नऊला पोचायचं असेल तर थेट बघण्याच्या फंदात पडू नका. या कामाला रीप्लेच हवा, फक्त निकाल आधी कळू नये म्हणून फोनवरची नोटिफिकेशन बंद ठेवा. रेडझोन हंगामभर मजा देतं, पण टचडाउनजवळच्या खेळीच दाखवत असल्याने क्वार्टरबॅक पारखायला निरुपयोगी.

पूर्ण सामना एचडीत ढोबळमानाने आठ-दहा जीबी खातो, तेव्हा रोजच्या दोन जीबीवाल्या मोबाइल डेटावर भागणार नाही, घरचं फायबर हवं. पैसे भरताना व्यवहार फेटाळला गेला तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का बघा. नव्या कार्डांवर ते मुळातच बंद असतात. आणि नूतनीकरण आपोआप होणार आहे का, ते त्याच बैठकीत तपासा.

घ्यायचा असेल तर ऑगस्टमध्ये घ्या. सरावसामन्यांत मुख्य क्वार्टरबॅक खेळलाच तर दोन-तीन चढायाच खेळतो, पण नव्या कोचने त्याला शॉटगनमध्ये कोणता पाय पुढे ठेवायला लावलाय आणि सेंटरच्या मागे किती वेळा उभं केलंय, हे तिथेच पहिल्यांदा दिसतं. हंगाम निम्मा झाल्यावर घेणार असाल तर एकाच संघाचे पहिले चार सामने आणि शेवटचे चार सामने समोरासमोर लावून बघा. मधले सोडले तरी चालतील.