पूररेषा की उपखोऱ्यांचा क्रम?

पावसाळ्यात नाशिककर धरणाच्या विसर्गाचे आकडे ऐकतो, पण पाणी बघतो ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये मूर्तीवरून सरकणारं ते गढूळ पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना पूररेषा वेगळी समजवावी लागत नाही.

निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. बांधकाम कुठे नको, एवढं ती नेमकं सांगते. पाणी आलं कुठून, हे मात्र सांगत नाही.

दुसरी पद्धत उपखोऱ्यांचा, म्हणजे मोठ्या नदीला मिळणाऱ्या एकेका उपनदीच्या खोऱ्याचा, क्रम लावण्याची. हा अभ्यास डोंगरापासून सुरू होतो. उंचीच्या उपग्रह नकाशावरून ओढे काढायचे, त्यांच्या एकूण लांबीला क्षेत्रफळाने भागायचं. हीच प्रवाह घनता. ती जास्त, उतार तीव्र आणि खोरं गोलसर असेल, तर सगळ्या ओढ्यांचं पाणी जवळपास एकाच वेळी तोंडाशी येतं. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या उघड्या कातळावर ते मुरायला जागाच कमी. कोणत्या उपखोऱ्यातून पाणी जास्त वेगाने येईल, असा क्रम लावला की पाणी अडवणारे समतल चर (उतारावर आडवे खणलेले) आणि नालाबांध आधी कुठे, हे ठरतं. मात्र पाऊस आणि प्रवाहाच्या नोंदींशी ताडून न पाहिलेला क्रम मी तरी मानणार नाही.

पाणलोटाच्या कामांचा पैसा वाटायचा असेल तर मी दुसरी पद्धत निवडेन. कारण नासर्डी ही उपनदी गंगापूर धरणाच्या खाली गोदावरीला मिळते. धरणाचे दरवाजे बंद असले तरी तिचं पाणी थांबत नाही.