'लेप्टिन रीसेट'च्या नावाखाली 31,497 चा चुना

लेप्टिन म्हणजे भुकेवर लगाम ठेवणारं हॉर्मोन. ते 'रीसेट' करून देतो म्हणणाऱ्या एका विक्रेत्याने मला फसवलं. आधी आकडे. 'हॉर्मोन प्रोफाइल'चे 6,499. कॅप्सूलच्या पूर्ण कोर्सचे 18,999. वरून 'अ‍ॅडिपोनेक्टिन बूस्टर' म्हणून 5,999. एकूण 31,497. परत आले शून्य.

मला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. कंबरेचा घेर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि उपाशीपोटीची साखर, या 5 पैकी 3 गोष्टी बिघडल्या की डॉक्टर हे नाव देतात. माझ्या 4 बिघडल्या आहेत. ट्रायग्लिसराइड्स 212, साखर 114. वजन उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि भूक काही केल्या आवरायची नाही. वर्षानुवर्षं 'तोंडावर ताबा ठेव' एवढंच ऐकलेल्या बाईला कुणी फोनवर शांतपणे म्हणालं, "यात तुमचा दोष नाही, तुमचं लेप्टिन बिघडलंय," तर ती ऐकणारच. मीही ऐकलं.

मेख अशी की विक्रेत्याच्या त्या फोनवरच्या सल्लागार बाईंनी सुरुवातीला सांगितलेलं सगळं खरं होतं. लेप्टिनचा शोध 1994 चा. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात, 'साठा पुरेसा आहे' हा निरोप त्यातून मेंदूला मिळतो, आणि लठ्ठपणात मेंदू तो निरोप फारसा मनावर घेत नाही; यालाच लेप्टिन रेझिस्टन्स म्हणतात. मी नंतर एकेक गोष्ट पडताळली. बरोबर निघाली. म्हणूनच सांगते, विज्ञान बरोबर सांगतात म्हणून मालही बरोबर असेल, असं धरून चालू नका.

रिपोर्ट आला. लेप्टिन 38.6 नॅनोग्रॅम, शेजारी वर जाणारा लाल बाण आणि जाड अक्षरांत 'जास्त'. त्याच पानावर खाली शिफारस : 'लेप्टिन वाढवणारी कॅप्सूल, रोज 2'. आधीच जास्त आहे ते आणखी वाढवायचं कशाला? तो बाण आठवला की आजही अंगाची आग होते. मी विचारलंही होतं. उत्तर तयार होतं : "रेझिस्टन्स आहे ना मॅडम, म्हणून वरून जास्त द्यावं लागतं." ठणठणीत आवाज, शिक्का मारलेला कागद. जीवरसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाने यातलं खोटं कसं ओळखायचं, ते मला कुणी सांगावं.

आता कळतंय ते लिहिते. लेप्टिन हे प्रथिन आहे, 146 अमिनो आम्लांची साखळी. तोंडाने घेतलं तर ते पोटात पचून जातं; इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते याच कारणाने. लेप्टिनचं खरं औषध म्हणजे मेट्रेलेप्टिन, आणि तेही इंजेक्शन. ते लिपोडिस्ट्रॉफीसारख्या दुर्मिळ आजारात देतात, जिथे शरीरात चरबीच पुरेशी नसते आणि म्हणून लेप्टिनही नसतं. साध्या लठ्ठपणात लेप्टिन टोचूनही फारसा फायदा दिसला नव्हता. आणि मेटाबॉलिक सिंड्रोमचं निदान करायला लेप्टिनची तपासणी लागतच नाही, म्हणजे ते 6,499 पहिल्याच पायरीला पाण्यात.

बाटलीवर पुढे 'लेप्टिन' केवढं मोठं! मागची बारीक यादी मी मोबाइलने फोटो काढून, मोठा करून वाचली : वनस्पतींचे अर्क, तंतू, रंग. लेप्टिनचं नावही नाही. बाटली घ्यायच्या आधी मागची बाजू वाचा.

अ‍ॅडिपोनेक्टिन, म्हणजे चरबीच्या पेशींतलंच आणखी एक हॉर्मोन, त्याचंही तेच. वजन वाढलं की ते घटतं हे खरं, इन्सुलिनचं काम ते सोपं करतं हेही खरं. पण वजन उतरलं की ते आपोआप वाढतं. त्यासाठी 5,999 कशाला?

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. "रीसेट चालू असताना बीपीची गोळी नको," असं त्यांनी सांगितलं. मी थांबवली. नंतर मोजलं तर 164/102. माझ्या डॉक्टरांनी तो आकडा पाहून खुर्ची पुढे ओढली आणि गोळी त्याच क्षणी सुरू करायला लावली.

तक्रारीची कथा तर वेगळीच. औषधांवर देखरेख ठेवणारे म्हणाले, हे औषध नाही, पूरक आहार आहे. पूरक आहार बघणारे म्हणाले, दावा लेबलवर नाही, फोनवर केलाय, तो आमच्याकडे येत नाही. पोलीस म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे भरलेत. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. मग ग्राहक तक्रारीचा अर्ज. त्यावर तीन वेळा तीच कागदपत्रं मागितली, आणि एक दिवस मेसेज आला : 'तक्रार निकाली'. कुणी काढली निकाली? मला फोन नाही, विक्रेत्याला नोटीस नाही. उलट एका साहेबांनी मलाच विचारलं, "एवढं शिकलेल्या तुम्ही, अशा कशा फसलात?" पगार घेऊन खुर्चीत बसलेल्या माणसाने हे विचारावं! आजार माझा, पैसे माझे, आणि जबाबही मीच द्यायचा. फसवणाऱ्याला मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्यांची जाहिरात अजून चालू आहे, आता घ्रेलिन या भूक वाढवणाऱ्या हॉर्मोनच्या नावाने.

पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ मागितले की तिथेच फोन ठेवा. बोलणं फोनवर नको, लिहून मागा. दावा लेखी नसला की सगळे हात वर करतात. चॅट, पावती, बाटलीचे फोटो काहीही पुसू नका. आणि कुणाच्या सांगण्यावरून बीपीची किंवा साखरेची गोळी बंद केली असेल, तर पैशाचं नंतर बघा, आजच्या आज आपल्या डॉक्टरांना फोन करा.