पॉवर स्टिअरिंगची गळती: आपल्याच रॅकला सील किट, की घाटावरून बदली रॅक?

आधी गळतंय ते रॅकच, एवढी खात्री करून घ्या. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी, आत दातेरी दांडा असलेली जुळणी. स्टिअरिंग तेलाच्या टाकीजवळचे पाइप कमी दाबाचे असतात. तिथे टोक अर्धा इंच कापून नवा क्लॅम्प लावला की भागतं. प्रेशर होजच्या (पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या जास्त दाबाच्या पाइपच्या) बॅन्जो बोल्टला, म्हणजे तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला, पाझर असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच घाला. खाऱ्या वाऱ्यात याच होजची लोखंडी नळी क्लिपच्या आड गंजते, म्हणून क्लिप काढून बघा. फुटलेल्या जागी साधा रबरी पाइप आणि दोन क्लॅम्पचा जुगाड मात्र नको. तिथला दाब टायरपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि गरम सायलेन्सरवर तेल उडालं तर पेटतं.

हे सगळं डिझेलने धुऊन, कोरडं करून वर टॅल्कम पावडर मारा. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा; टोकाला ५ सेकंदांहून जास्त धरू नका. पावडर कुठेच भिजली नाही, पण रॅकचा रबरी बूट (टोकावरचं वळ्यांचं आवरण) दाबल्यावर आत तेल खळखळलं, तर सील गेलं.

आता खरा प्रश्न: सील किटने आपल्याच रॅकची आतली सीलं बदलायची, की आपली जुनी देऊन दुरुस्त केलेली बदली रॅक घ्यायची? सील किट स्वस्त, पण रॅक उतरवणं-चढवणं आणि नंतरची अलाइनमेंट दोन्हीकडे सारखीच. रत्नागिरीहून आंबा घाट चढून-उतरून कोल्हापूरची बदली रॅक मागवली की मेकॅनिकचा एक दिवस वाचतो, कामही बहुधा नीट होतं. ज्याची गाडी रोज धंद्यावर आहे, त्याला हे सोयीचं.

माझं मन अडतं ते एका गोष्टीवर. बदली रॅक काळा रंग मारून, बूट क्लॅम्प करून येते. आतला दांडा दिसतच नाही. आणि सगळा खेळ त्या दांड्याचा आहे. फाटक्या बुटातून पावसाळ्यात पाणी शिरलं की दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि ते सीलची कड खातात. काही जण तो गंज पॉलिश पेपरने घासून काढतात. पण घासलेल्या जागी इथल्या हवेत पुन्हा गंज यायला फार वेळ लागत नाही. वर तुमची रॅक त्यांच्याकडे जमा झालेली असते.

आपल्या रॅकचं तसं नाही. स्टिअरिंग एका टोकाला नेऊन बूट मागे सरकवा, दांडा पुसा आणि नख फिरवा. नख कुठे अडलं नाही तर मी किटच घालेन. अडलं, तर किटचे पैसे पाण्यात; मग बदली किंवा नवी रॅक घ्या.

किट बसवताना घोळ होतो तो दांड्याच्या दात्यांवर: नवं सील त्यावरून सरकताना कापलं जातं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची गुंडाळी दात्यांवर चढवून त्यावरून सील सरकवावं. टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारं टोक) सोडताना आटे मोजून ठेवा. बूट दोन्ही नवे घाला, यात काटकसर नको.

तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सील फुगतात. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत १५-२० वेळा फिरवा, टाकी भरत राहा. मग इंजिन चालू करा. तेलाला फेस येत असेल तर आत अजून हवा आहे.

बदलीच घ्यायची ठरली, तर पैसे देण्याआधी एका बाजूचा बूट उघडून मागा. आणि बदली रॅक चढवून गळती तपासल्याशिवाय आपली जुनी त्यांच्याकडे पाठवू नका.