घोड्यासाठी सफरचंदी चाटण वीट: उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा अनुभव

सफरचंदाचा वास आणि मळीचा गोडवा दिलेली ही दोन किलोची मिठाची वीट घोडा पाळणाऱ्या बहुतेकांनी ऑनलाइन पाहिलेली असेल, त्यामुळे तिच्या वेष्टनावरचा सगळा मजकूर येथे पुन्हा देत नाही. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला आमची एक काठेवाडी घोडी आहे. लग्नसराईत ती वरातीला जाते आणि एरवी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने फिरते. उन्हाळ्यात घाम वाळून तिच्या पाठीवर पांढरे पट्टे उठू लागले, तेव्हा चंदीबरोबर मीठ वाढवायला हवे हे उघड होते. बाजारातले साधे मीठ सोडून ही साडेसहाशे रुपयांची वीट घेतली गेली ती ‘घोड्यांची सर्वांत आवडती चव’ या वेष्टनावरच्या एका वाक्यामुळे.

सुरुवातीला ही वीट ओळखीच्या सगळ्यांना सुचवावी असेच वाटत होते. घोडीने वीट हुंगली, वरचा ओठ उलटा करून काही क्षण तो वास पारखला आणि मग चाटायला जी सुरुवात केली ती मोतद्दाराने ओढून बाजूला करेपर्यंत थांबवली नाही. तबेल्यात लीद आणि ओल्या कडब्याच्या वासात सफरचंदाचा वास मिसळला, हेही नाही म्हटले तरी सुखावणारे होते.

हिशेब मात्र जुळेना. सुमारे पाचशे किलो वजनाच्या, फारसे काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण 10 ग्रॅम सोडियम लागते, म्हणजे मीठ 25 ग्रॅमच्या आसपास. घाम गाळणाऱ्या घोड्याला त्याहून जास्त. या मापाने दोन किलोची वीट दोन महिने सहज टिकायला हवी होती, आणि कंपनीचाही दावा तोच होता. आमची वीट पहिल्या पंधरवड्यातच निम्म्यावर आली. घोडी मिठासाठी नव्हे, तर मळीसाठी वीट खात होती हे त्यावरून स्पष्ट होते. मीठ हा असा क्षार आहे की ज्याची खरी भूक घोड्याला शरीरातूनच लागते आणि ती भागली की तो बहुधा थांबतो. गोडाच्या बाबतीत असा विवेक घोड्याकडे नाही, आणि जास्त साखरेने लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत दुखरी सूज, होण्याची भीती असते ती वेगळीच.

येथे दोरीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. वीट टांगण्यासाठी मधल्या भोकातून तागाची दोरी ओवून दिलेली असते. दमट हवेत मिठाला पाणी सुटते हे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते, पण ही वस्तू तयार करणाऱ्यांनी कोल्हापूरचा जुलै पाहिलेला नसावा. पाऊस लागल्यावर विटेला पाझर सुटला, मळीचे गोड पाणी दोरीत मुरले आणि घोडीने वीट सोडून दोरीच चघळायला घेतली. एके सकाळी वीट खाली मूत्रात पडलेली होती आणि दोरीचा वीतभर तुकडा गायब होता. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेली वस्तू तोंडावाटे परत येत नाही. तागाचा गोळा आतड्यात अडकला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे काय हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. सुदैवाने दुसऱ्या दिवशी लिदेतून तुकडा पडला.

कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राने यावर दिलेले उत्तर जपून ठेवण्यासारखे आहे. आधी त्यांनी वीट उन्हात वाळवण्याचा सल्ला दिला. जुलैमध्ये ऊन कोठून आणायचे, हे सांगितले नाही. नंतर वेष्टन उघडल्यामुळे परतावा मिळणार नाही असे कळवले, आणि शेवटी नायलॉनची दोरी 180 रुपयांना वेगळी मिळेल, अशी माहिती दिली. विटेच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून महाग दोरी विकणाऱ्यांशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

चवीच्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. ब्रिटनमध्ये तबेल्यातल्या आठ घोड्यांना पंधरा निरनिराळ्या स्वादांचे खाद्य देऊन केलेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पसंतीच्या पहिल्या आठ स्वादांचा क्रम असा लागला: मेथी, केळे, चेरी, रोझमेरी, जिरे, गाजर, पेपरमिंट आणि ऑरेगॅनो. सफरचंद या आठांत नाही. मेथी पहिली आहे आणि जिरे पाचवे. आपल्या फोडणीच्या डब्यातले दोन जिन्नस या यादीत असावेत आणि आपण मात्र सफरचंदाचा वास पैसे मोजून मागवावा, याचा राग मला विटेपेक्षाही जास्त आला. मेथी आपल्या जिभेला कडू लागते, पण तिच्या वासात सोटोलॉन नावाचे द्रव्य असते आणि त्याचा गंध गुऱ्हाळात रस आटत आल्यावर कढईवर येतो तसा, भाजक्या साखरेचा असतो. घोडा आधी नाकाने निवडतो आणि मग जिभेने, त्यामुळे त्याला मेथीत गोडवा जाणवत असेल तर नवल नाही. गोड पाणी घोड्याच्या पिलांना आवडते आणि आंबट व कडू पाणी तीव्र झाले की ती ते नाकारतात, हेही 1978 मधल्या एका प्रयोगात दिसले होते.

इथवर माझे मत एवढेच होते, की चव लावलेले मीठ हा मालकाच्या नाकासाठी केलेला धंदा आहे. श्रावणात ते बदलले. घोडीच्या मागच्या पायाला सूज आली आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक पूड इतकी कडू होती, की चंदीत मिसळल्यावर घोडीने ओठांनी हरभरा एकेक करून वेचला आणि पूड तोबऱ्याच्या तळाशी जशीच्या तशी ठेवली. घोड्याचा वरचा ओठ आणि त्यावरच्या मिशा यांच्याइतकी बारीक चाळणी कोणत्याही किराणा दुकानात मिळणार नाही. डॉक्टरांना विचारून भिजवलेल्या कोंड्यात चिमूटभर मेथीपूड आणि सुपारीएवढा गूळ घातला, तेव्हा औषध पोटात गेले. वर सांगितलेल्या अभ्यासातही घोड्यांना न आवडणाऱ्या खनिजांच्या गोळ्या मेथी किंवा केळ्याचा स्वाद लावल्यावर अधिक सहज खाल्ल्या गेल्या होत्या. म्हणजे स्वादाला उपयोग आहे. तो न आवडणारी गोष्ट गळी उतरवण्यासाठी आहे. जे मीठ घोडा गरजेपुरते आपणहून खातो, त्याला स्वाद लावून गरजेपेक्षा जास्त खायला लावणे हा त्याचा दुरुपयोग होय.

गुळाविषयी एक शब्द. ज्या शहरातल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात आणि ज्याच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे राहून मळीची वीट कुरिअरने मागवणे हे आमच्या वडिलांना सांगण्याचे धाडस झाले नाही.

सध्याची व्यवस्था साधी आहे. भिंतीला ठोकलेल्या उथळ लाकडी खोक्यात सुटे जाडे मीठ असते आणि घोडी हवे तेवढे घेते. गाईच्या जिभेसारखी घोड्याची जीभ खरबरीत नसते, म्हणून टणक वीट चाटून त्याला पुरेसे मीठ मिळेलच असे नाही आणि कंटाळून तो दातांनी तुकडे तोडतो. सुट्या मिठात ही अडचण येत नाही. पावसाळ्यात खोके दोन दिवसांनी पुसावे लागते, एवढाच त्रास. महिन्याचा खर्च चहाच्या दोन कपांइतकाही नाही.

पैसे वाचवण्यासाठी कोणी गुरांची वीट किंवा गुरांचे मिश्रण घोड्यापुढे ठेवू नये. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. गुरांना ते चालते, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या मात्रेतही घातक ठरते. वेष्टनावर घटक लिहिलेले नसतील तर ती वस्तू तबेल्यात आणूच नये.

विटेचा उरलेला तुकडा मी फेकला नाही. दसऱ्याच्या सुमारास वरातींसाठी बाहेरगावी जायचे होते, आणि घोडी परक्या गावचे, क्लोरीनचा वास मारणारे पाणी पीत नाही. निघण्याच्या काही दिवस आधीपासून घरच्या एका बादलीत या तुकड्याचा कणभर चुरा विरघळवला, दुसरी बादली साध्या पाण्याची ठेवली, आणि तिकडे गेल्यावर तोच वास परक्या पाण्याला दिला. ती प्यायली. एवढ्या कामासाठी साडेसहाशे रुपये देण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी वीट खुशाल घ्यावी, पण दोरी आधी काढून टाकावी.