माकडतापाचं काम काजूबागेत न्यायचंय: शिबिर घ्यावं की एकत्र बसावं?

काजूच्या हंगामात माकडतापावर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या क्यासनूर जंगल तापावर काम करायचं ठरलंय, एका हंगामापुरते पैसे हातात आहेत आणि आता रस्ता निवडायचाय, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही रस्ते मी चाललोय. एक म्हणजे डॉक्टरांचं शिबिर, पत्रकं आणि गोचिडी दूर ठेवणाऱ्या तेलाचं वाटप. दुसरा म्हणजे डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, वनरक्षक, कृषी सहायक, आशाताई आणि बागायतदार यांना एका ठिकाणी बसवून सगळ्यांनी मिळून हंगाम आखणं. रोगाची ओळख तुम्हाला आहेच, त्यामुळे १९५७ मध्ये तो पहिल्यांदा सापडला त्या कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलापासून सुरुवात करत नाही.

शिबिराला कमी लेखू नका, हे आधी सांगतो. कोकणातलंच उदाहरण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरलं आणि १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पूर्वी विष भिनलेल्या रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. पुढे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हे संशोधन रुग्णाच्या खाटेशी झालं आणि खाटेशीच वापरलं गेलं. गोळी डॉक्टरच्या हातात होती. ती कधी आणि कशी द्यायची हे शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला समजलं, की काम पुढे सरकत होतं. तुमचा विषय अशा जातीचा असेल तर शिबिर पुरेसं आहे, आणि खर्चही कमी.

माकडतापाचं तसं नाही. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो दिसला तेव्हापासून आमच्या भागातला प्रत्येक डॉक्टर हे जाणतो की त्यावर नेमकं औषध नाही. ताप, रक्तस्राव, शरीरातलं पाणी सांभाळत बसावं लागतं. संशोधनातून जे हाती लागलंय ते जवळजवळ सगळं दवाखान्याबाहेर वापरायचं आहे. खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं थंडीपासून मेपर्यंत झाडांखालच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत असतात, गुरांच्या अंगावरून गोठ्यात येतात, माकडाच्या अंगावरून बागेत उतरतात. काजूचा हंगामही नेमका तेव्हाच.

पहिल्या वर्षी आम्ही शिबिरंच घेतली. शाळेचे हॉल भरले, प्रश्न चांगले आले, मला समाधान वाटलं. मग फेब्रुवारीत एका काजूबागेच्या गडग्यापाशी माकड मरून पडलं. सोमवारी सकाळी काजू वेचणाऱ्या एका बाईनं ते पाहिलं आणि मालकाला सांगितलं. मेलेल्या जनावराची चौकशी आपल्या मागे लागेल या धास्तीनं मालक गप्प राहिला. गुरुवारी चहाच्या टपरीवर विषय निघाला आणि शनिवारी आमच्या कानावर आला. तोवर नमुना घेण्याजोगं काही उरलं नव्हतं. आणि या सगळ्या दिवसांत बायका त्याच झाडांखालचा पातेरा भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, भारे बांधून नेत होत्या.

या तापानं माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरून त्याच जागी पसरतात, हे आमच्या पत्रकात छापलेलं होतं. मेलेलं माकड दिसल्यावर फोन कुणाला करायचा, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. पत्रक लिहायला आम्ही सगळे डॉक्टरच बसलो होतो आणि निरोप आपोआप आपल्यापर्यंत येईल असं आम्ही धरून चाललो होतो. मी दुसरा रस्ता धरला तो या सहा दिवसांपायी. बाकीच्या गोष्टी त्यापुढे लहान आहेत.

दुसऱ्या वर्षी एकत्र बसलो तेव्हा मालकाची धास्ती वनरक्षकानं पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर दूर केली. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही, हे त्यानं सांगितलं तसं मी सांगून कुणाला पटलं नसतं. गावातली खबर आधी कुणाला लागते, हेही तिथेच कळलं. ती लागते गुरं तपासायला घरोघर फिरणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसाला. मग त्याचाच नंबर बागेबागेत लावला. त्या हंगामात दोन माकडं मेली; दोन्ही वेळा त्याच दिवशी फोन आला, संध्याकाळच्या आत भोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर पडली आणि बायकांना बागेच्या दुसऱ्या बाजूला कामाला लावलं.

तेलाचंही तसंच झालं. गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल आम्ही वाटत होतो आणि बाटल्या घरी तशाच पडून राहत होत्या. बैठकीत एक काकी सरळ म्हणाल्या, “डाक्टरांनू, ह्या तेल लावला काय बी हातात रवना नाय.” बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, बी पिळून काढायची तर तळवा कोरडा हवा, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. तळवे सोडून कोपरापर्यंत आणि पायांना लावायचं ठरलं, तेव्हापासून बाटल्या संपायला लागल्या.

आता दुसऱ्या रस्त्याच्या अडचणी. बैठकीची वेळ जुळवण्यातच जीव मेटाकुटीला येतो. गुरांच्या डॉक्टरांना गोचीडनाशकासाठी पैसे हवेत, आम्हाला रक्ततपासणीसाठी, आणि हिशेब कुणाच्या नावे ठेवायचा यावर आमच्या दोन बैठका गेल्या. पहिले दोन महिने दाखवायला काहीच नसतं, आणि देणगीदार विचारत राहतो. पैसे देणारा तीन महिन्यांत फोटो आणि आकडे मागणारा असेल, तर शिबिर घेतलेलं बरं.

दुसऱ्या वर्षी ताप आमच्यामुळे कमी दिसले की मुळात साथच हलकी होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमच्या गावची माणसं वेगळी असतील, कदाचित मालक स्वतःच फोन करणारे असतील. तरीही मला पुन्हा निवडायची वेळ आली तर मी एकत्रच बसेन, आणि शिबिर त्यातलंच एक काम म्हणून घेईन.

तुम्ही तसं ठरवलंत तर पहिली बैठक गणपती आटोपले की लगेच घ्या. आम्ही दिवाळीनंतर घेतली आणि नंबर बागेत लागेपर्यंत काजू मोहरला होता.