फ्रेटलेस बेसला तारा कोणत्या: राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड?

पहिला फ्रेटलेस बेस (दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेली बेस गिटार) हातात आला की हा प्रश्न पडतोच.

आधी आवाज. राउंडवाउंडवर गोल तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे नाद झळाळता आणि फ्रेटलेसचा तो लाडका ‘म्वाह’ (उमलत जाणारा, गाता स्वर) पुरेपूर मिळतो. नामवंत बेसवादक जॅको पास्टोरियसचा गाता बेस याच तारांवरचा. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. आवाज मऊ, भरीव, डबल बेसकडे झुकणारा.

खरी मेख झिजण्यात आहे. राउंडवाउंड कानशीसारखी फिंगरबोर्डचं (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीचं) लाकूड घासते, मींड घेताना तर जास्तच. रोझवूडवर चरे पडतात, एबनी जरा तग धरते. जॅकोने फ्रेट काढलेल्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या रेझिनचा) थर दिला होता, तो उगाच नाही. फ्लॅटवाउंडने लाकूड फारसं झिजत नाही, बोटंही सहज सरकतात.

खर्चाचं म्हणाल तर फ्लॅटवाउंड सहसा महाग, पण वर्षानुवर्षं चालतात. राउंडवाउंडची झळाळी लवकर उतरते.

सूर अचूक लावायची मेहनत दोन्हीकडे तेवढीच.

सोलो वाजवायचे असतील आणि फिंगरबोर्डवर कडक थर असेल, तर राउंडवाउंड. लाकूड उघडं असेल, काम मुख्यतः साथीचं असेल, तर फ्लॅटवाउंड. उघड्या रोझवूडवर राउंडवाउंड मी तरी चढवणार नाही.