जुन्या बाजारात सापडली लिओंटिन प्राइस (साडेतीन स्टार)

रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो मिक्सरचं भांडं बघायला आणि घेऊन आलो ऑपेराची एलपी, बायको अजून नीट बोलत नाहीये. एक काका जमिनीवर रेकॉर्ड्स मांडून बसतात, ढिगात सगळं नाट्यसंगीत नि हिंदी पिक्चरची गाणी, त्यात ही बाई. ४०० सांगितले, २५० ला दिली.

ही प्राइस मिसिसिपीतल्या लॉरेल गावची, कृष्णवर्णीय. १९६१ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गायली तेव्हा टाळ्या म्हणे ४० मिनिटं थांबेनात, आपल्या सवाईतही एवढं नाही बुवा! पण ते दार आधी उघडलं मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेने. तिला १९३९ ला वॉशिंग्टनमधला हॉल रंगामुळे नाकारला, मग ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली, समोर ७५,००० माणसं, आणि तरी मेट्रोपॉलिटनने बोलावलं कधी तर १९५५ ला, वय ५७!! आवाजाची उमेदीची वर्षं गेली की हो सगळी.

असो, रेकॉर्डचं सांगतो. पहिली बाजू झकास, वरचे सूर ऐकून अंगावर काटा आला, भाषा कळत नाही तरी. दुसऱ्या बाजूला मात्र चरा आहे, सुई एकाच जागी अडकते आणि बाई तीच तान घेत बसतात. काकांकडे वाजवून बघायची सोय नाही, म्हणून दीड स्टार कापला. उन्हात तिरकी धरून नीट बघून घ्या. बुधवारीपण बाजार असतो, गर्दी जरा कमी.

मिक्सरचं भांडं राहिलंच.